कॅबरनेटमध्ये ५१६ मिसळताना : जुन्नरमधल्या घरच्या वायनरीच्या प्रकल्प नोंदी

नारायणगाव सोडून कुकडीच्या कालव्याकडे वळलं की आमचं पावणेतीन एकर रान लागतं. एक एकर कॅबरनेट सोव्हिनॉन, एक एकर शिराझ, वीस गुंठे ५१६ आणि दहा गुंठे मांजरी मेडिका. रान अण्णा आणि दादा बघतात, टाक्या माझ्याकडे. वायनरी परवान्याची आहे, लहान आहे, घरातल्या चौघांवर चालते.

५१६ म्हणजे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेली एआरआय-५१६. अमेरिकन काटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर. मांजरी मेडिका पुण्याच्याच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची, पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्यापासून केलेली. या दोन्हींना मी देशी म्हणते ते एवढ्याच अर्थानं, की या जातींची पैदास आपल्या जिल्ह्यात, आपल्या उन्हात झाली. अण्णांना एकच हवं आहे: बाटलीत विलायती जातींबरोबर या दोन्ही असाव्यात आणि त्या असल्याचं पिणाऱ्याला कळावं. तेवढ्यासाठी हा खटाटोप. कुणी असंच करायला निघालं असेल तर उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे.

१४ सप्टेंबर

कॅबरनेटची फळछाटणी आज केली. सोबत ५१६ चे आठ गुंठेही छाटले. उरलेले बारा गुंठे मुद्दाम मागे ठेवलेत, ते २२ ऑक्टोबरला.

कारण गेल्या वर्षीचं नुकसान. तेव्हा दोन्ही जाती एकाच दिवशी छाटल्या होत्या. ५१६ छाटणीपासून साधारण ११५ दिवसांत तयार होते, आमच्या कॅबरनेटला १५५ लागतात. दोन्ही एकाच टाकीत आंबवायच्या म्हणून आम्ही ५१६ पाच आठवडे वेलीवर तशीच ठेवली. मणीगळ झाली, गांधीलमाश्या आल्या, रसाचा पीएच ३.९ वर गेला आणि वास इतका भडक झाला की टाकीजवळ उभं राहवेना. ती अख्खी वाइन नष्ट करावी लागली.

या वेळचा बेत असा: मोठा तुकडा उशिरा छाटायचा, म्हणजे तो कॅबरनेटबरोबर फेब्रुवारीत येईल आणि एकत्र आंबवता येईल. आठ गुंठ्यांचा माल जानेवारीत येईल, तो वेगळा आंबवायचा. मग दोन्ही वाइन समोरासमोर ठेवून बघायच्या.

दादाला हे पटलेलं नाही. परतीच्या पावसाआधी कॅबरनेट छाटणं म्हणजे केवड्याला, म्हणजे पानं-घड खाणाऱ्या बुरशीला, आवतण देणं, असं तो म्हणाला. तो दरवर्षी ऑक्टोबर उजाडल्याशिवाय कात्री लावत नाही. पण ५१६ आणखी मागे ढकलली तर ती मार्चच्या उन्हात सापडेल, म्हणून मी आग्रह धरला.

पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावायला, दोन दिवस गेले. शिराझची छाटणी २० तारखेला.

८ ऑक्टोबर

दादा बरोबर होता. चार दिवस पाऊस, पाचव्या दिवशी ढगाळ आणि दमट. कॅबरनेटच्या पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी. आज तीन ओळींत घडांवरही केवडा दिसला. घड नुकतेच बाहेर पडलेत, या अवस्थेत लागलेला केवडा घड घेऊनच जातो.

चूक कुठे झाली ते लिहिते. पावसाच्या दुसऱ्या दिवशी फवारणी व्हायला हवी होती. वाफसा नव्हता, ट्रॅक्टर रुतला असता, म्हणून आम्ही थांबलो. पाठीवरचे दोन पंप घरात होते. दोन माणसं लावून एक एकर हातानं मारता आलं असतं. ते सुचलं तेव्हा तीन दिवस गेले होते.

५१६ चे आठ गुंठे शेजारीच आहेत, त्याच पावसात भिजलेले. तिथे शोधून चार-पाच पानं सापडली. ही जात बुरशीला दाद देत नाही असं ऐकलं होतं, या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

जादा फवारण्यांचा खर्च ११,४०० रुपये. कॅबरनेट चार टन धरलं होतं, तीनच्या आत येईल असं दिसतंय.

२२ ऑक्टोबर

५१६ चे बारा गुंठे छाटले. हवा कोरडी आहे. बाकी काही नाही.

९ जानेवारी

आठ गुंठ्यांची ५१६ तोडली. ८८० किलो. दिवस ११७ वा.

रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर परवा २०.५ ब्रिक्स (साधारण शेकडा साखर) आलं होतं, क्रशरमधून निघालेल्या रसात १९.२ निघालं. सव्वा अंश कुठे गेला ते शोधलं. नमुन्याचे मणी मी ओळीच्या पश्चिमेकडूनच घेतले होते, म्हणजे उन्हाच्या बाजूचे. आता नियम केलाय: शंभर मणी, निम्मे सावलीचे, निम्मे उन्हाचे. घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि शेंड्याचे सगळे हवेत. एकत्र चुरून गाळायचे आणि मगच वाचायचं. ब्रिक्स कमी आलं त्याचं वाईट वाटलं नाही, या जातीला यापुढे वेलीवर ठेवायचीच नव्हती. आम्लता लिटरला ८.१ ग्रॅम, पीएच ३.३८. गेल्या वर्षीचा ३.९ आठवून अण्णांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला.

सालींसकट ७७५ लिटर टाकीत गेलं.

१२ जानेवारी

यीस्ट घालून दोन दिवस झाले, टाकी गार. बुडबुडा नाही.

आज सकाळी चहाला दादा सहज म्हणाला, "सल्फर मी टाकलं होतं बरं का, तू क्रेट मोजत होतीस तेव्हा." मीही टाकलं होतं. नको ते जंतू दाबायला ते रसात टाकतात. हिशेब ५० पीपीएमचा होता. ७७५ लिटरला सल्फर डायऑक्साइड ३९ ग्रॅम लागतं, पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये ते साधारण ५७ टक्के असतं, म्हणून ६७ ग्रॅम पावडर. ती दोनदा पडली, १३४ ग्रॅम. यीस्ट या डोसात मरत नाही, पण निपचित पडतं.

काढता येत नाही. रस पंपानं खालून काढून उंचावरून परत टाकीत सोडला, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास. हवा लागली की सल्फर थोडं उडतं, थोडं रसातल्या घटकांशी बांधलं जातं; उरतं ते मुक्त. खोलीत वास कोंडतो, खिडक्या उघड्या ठेवूनच करा. मला दिवसभर खोकला होता.

१५ जानेवारी

नव्यानं विरजण लावलं. आई याला विरजणच म्हणते आणि तोच शब्द बरोबर वाटतो, कारण करायचं तसंच असतं. यीस्ट २०० ग्रॅम, ३८ अंशांच्या दोन लिटर पाण्यात वीस मिनिटं. मग टाकीतला रस वाटीवाटीनं घालत गेले, एका वेळी दहा अंशांपेक्षा जास्त गारठा बसू दिला नाही. रात्री इथे पारा दहा-अकरावर उतरतो आणि टाकी १४ अंशांवर होती. पहिल्या वेळी हाच धीर धरला नव्हता, कोमट यीस्ट थेट गार रसात ओतलं होतं. म्हणजे दोष एकट्या सल्फरचा नव्हता. दहा लिटरचं विरजण खदखदायला लागल्यावरच टाकीत सोडलं. संध्याकाळी सालींचा थर वर आला.

सहा दिवस गेले आणि तेवढे दिवस साली गार रसात भिजत राहिल्या. हे मनात नव्हतं.

टाकीला दोरीनं पाटी बांधली आहे: काय घातलं, किती, कोणी, किती वाजता. पाटीवर नाही ते घातलंच नाही असं समजायचं आणि पाटी वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

२१ जानेवारी

ब्रिक्स ६ वर असताना चोथा दाबून काढला. साली आणखी ठेवल्या असत्या तर रंग वाढला असता, पण वास त्याहून जास्त वाढला असता. रंग फिका माणकासारखा. वास मात्र ओळखीचा: शाळेच्या दारात मिळायची ती जांभळी गोळी. काटावबाच्या घराण्यातल्या द्राक्षांत मिथाइल अँथ्रानिलेट असतं, गोळ्या-सरबतांना द्राक्षाचा वास त्याचाच देतात. युरोपच्या वाइनवाल्यांना तो खपत नाही.

२८ जानेवारी

मांजरी मेडिका. हिचा गरसुद्धा लाल, तोडणाऱ्या बायकांचे हात दोन दिवस रंगलेले होते. बहुतेक माल रसासाठी गेला, १५० किलो आंबवायला ठेवला. काही बिघडलं नाही.

१० फेब्रुवारी

शिराझ ७ तारखेला तोडलं, २३.६ ब्रिक्स. तिसऱ्या दिवशी टाकीतून सडक्या अंड्याचा वास. यीस्टला नत्र कमी पडलं की असं होतं. आमच्या शिराझच्या देठ परीक्षणात नत्र कमी आल्याचं डिसेंबरमध्येच हातात होतं, मी कागद फाइलला लावून मोकळी झाले होते. डायअमोनियम फॉस्फेट दोन हप्त्यांत दिलं आणि रस हवेशीर फिरवला. दोन दिवसांत वास गेला. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर वास काढायला तांबं (धातू) वापरावं लागलं असतं.

१९ फेब्रुवारी

कॅबरनेट १७ ला, उशिराची ५१६ आज. एकशे विसावा दिवस. थंडीनं तिला पाच दिवस मागे ठेवलं, तरी दोन जाती दोन दिवसांच्या अंतरानं आल्या. छाटणीचं गणित जमलं याचा मला खूप आनंद झाला.

तोडणी पहाटे चारला सुरू केली, माल गार यावा म्हणून. इथे पहाटेची तोडणी म्हणजे बिबट्याचा विचार आधी. कालव्याच्या बाजूला ऊस आहे. बायकांना एकटीदुकटीनं ओळीत जाऊ द्यायचं नाही, दोन टोकांना बॅटरीवाली माणसं, ट्रॅक्टरचं इंजिन आणि दिवे चालू. जादा दोन माणसांची मजुरी आणि डिझेल मिळून दोन रात्रींचे ३,२०० रुपये. हा खर्च कुठल्याही प्रकल्प अहवालात नसतो, जुन्नरात धरावाच लागतो.

कॅबरनेट एकूण २.९ टन. त्यातलं १.८ टन स्वतंत्र टाकीत. १.१ टन आणि ५१६ चं १.३ टन एकत्र, मोठ्या टाकीत. ५१६ या वेळी २१ ब्रिक्स, पीएच ३.५५. सल्फर एकदाच पडलं. पाटीवर दादाची सही आहे.

२२ फेब्रुवारी

काल दुपारी दोनला रोहित्र जळालं. वीज आज संध्याकाळी चारला आली. सव्वीस तास. दोन्ही टाक्या ऐन भरात होत्या आणि चिलर बंद.

एकत्र टाकी रात्री नऊला ३१ अंशांवर, पहाटे ३६ वर. बर्फाच्या लाद्या मिळत होत्या, पण बर्फ थेट रसात घालता येत नाही, पाणी होतं. पाच लिटरच्या बाटल्यांत पाणी भरून गावातल्या आइस्क्रीमवाल्यांच्या फ्रीजरमध्ये गोठवलं, बाहेरून धुऊन दोरीनं टाकीत सोडलं. दर तासाला बारा बाटल्या. स्वतंत्र कॅबरनेटची टाकी लहान आणि अंगानं उंच, ती ३१ वर रोखता आली. मोठी टाकी नाही आली. तिच्या मध्यभागापर्यंत गारवा पोचतच नव्हता.

जनरेटर भाड्यानं मिळाला तो रात्री अकराला, तोही चिलर उचलू शकला नाही, त्याची क्षमता चिलर सुरू होताना लागणाऱ्या झटक्याला पुरेना. चालू असताना किती वीज लागते तेवढंच मी विचारलं होतं. ४,५०० रुपये गेले, काम शून्य.

५ मार्च

एकत्र टाकी ४ ब्रिक्सवर अडकली ती अडकलीच. तापून थकलेलं यीस्ट उठत नाही. गाळावरून वाइन काढली आणि पुन्हा विरजण लावलं. या वेळी विरजणात आधी थोडी वाइन, मग दुप्पट, मग चौपट, असं चार दिवस चढवलं, म्हणजे यीस्टला अल्कोहोलची सवय होते. आज हायड्रोमीटर शून्याखाली गेला. एकूण अकरा दिवस.

पण या काळात व्होलाटाइल आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा आंबटपणा, लिटरला ०.९ ग्रॅमवर चढलं आहे. नाकाला टोचतं. चव घेतल्यावर अण्णा काही न बोलता बाहेर गेले.

एकत्र आंबवण्याची पद्धत वाईट, असं या टाकीवरून मी म्हणणार नाही. ती उष्णतेत सापडली, परीक्षा नीट झालीच नाही. एक मात्र उष्णतेशिवायही दिसत होतं: दहा दिवस सालींसोबत राहिल्यावर ५१६ चा वास सगळ्या टाकीत पसरला आणि त्याचं प्रमाण आमच्या हातात राहिलं नाही. वेगळ्या टाकीतली ५१६ हवी तेवढीच ओतता येते.

१८ एप्रिल

खरड छाटणी (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) चालू आहे, म्हणून टाक्यांकडे फक्त संध्याकाळी.

कॅबरनेट आणि शिराझमध्ये मॅलिक आम्लाचं लॅक्टिकमध्ये रूपांतर (जिवाणू तीव्र आम्लाचं सौम्य आम्ल करतात ते) पूर्ण. कागदी क्रोमॅटोग्राफी घरीच करते. निळसर-हिरव्या कागदावर पिवळे ठिपके उमटतात. मधला, म्हणजे मॅलिकचा ठिपका नाहीसा झाला की झालं. दोन्ही टाक्यांचे कागद स्वच्छ. दोन्हींना सल्फर दिलं. शिराझमधलं २२५ लिटर एका वापरलेल्या पिंपात भरलं. पिंप २६,००० ला पडलं. आधी तीन दिवस पाणी भरून ठेवलं, दोन ठिकाणी झिरपत होतं ते फुगून बंद झालं.

५१६ ची टाकी शांत आहे.

१६ जून

मिश्रणाच्या चाचण्या. सकाळी अकराला, जेवणाआधी. शंभर मिलीचे मोजपात्र, एकसारखे पेले, खाली चिठ्ठ्या पालथ्या. आधार म्हणून कॅबरनेट पाच भाग, शिराझ तीन भाग. त्यात जानेवारीची ५१६ शेकडा ५, १०, १५, २०, ३० आणि ५०.

अण्णांना निम्मी-निम्मी हवी होती. पन्नासचा पेला त्यांनीच पहिला बाजूला सारला. तिथे गोळीशिवाय काही राहतच नव्हतं. पाचमध्ये ५१६ हरवली. दहा आणि पंधरात काहीतरी आहे, पण नाव देता येईना. तिशीत गोळी परत आली.

आई पीत नाही. ती वास घ्यायला मात्र बसली आणि विसाच्या पेल्यापाशी थांबली. "हा मोगरा आहे," म्हणाली. "देवघरातला, दुपारनंतरचा." चिठ्ठी न बघता तिनं तोच पेला दोनदा ओळखला. नंतर मी वाचून खात्री केली: मोगऱ्याच्या जातीच्या फुलांतही मिथाइल अँथ्रानिलेट असतं. जास्त झालं की गोळी, कमी झालं की फूल. मी इतके महिने परदेशी पुस्तकांतला दोष म्हणून त्याच्याशी झगडत होते आणि माझ्याच आईच्या नाकाला तो परडीतला वास होता.

अण्णा मग दोन तास तिथून हलले नाहीत. १८, २०, २२, २५ असे पुन्हा पेले भरले. २२ ठरली.

५१६ घातली की रंग उतरतो. मांजरी मेडिका सहा टक्क्यांवर तो परत आणते. आठला जिभेवर तुरटपणा राहतो. ठरलेलं प्रमाण: कॅबरनेट ४५, शिराझ २७, ५१६ २२, मेडिका ६. अल्कोहोल हिशेबानं १२.४.

पेले झाकून चोवीस तास ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घेतला. पहिल्या दिवशी आवडलेला पंचविसाचा पेला दुसऱ्या दिवशी भडक झाला होता. मिश्रण केल्या-केल्या निर्णय घेऊ नका.

३ जुलै

ठरलेल्या प्रमाणात ६० लिटर मिसळून ८० बाटल्या चाचणीसाठी भरल्या. थोडं सल्फर, २० पीपीएम.

२२ ऑगस्ट

ऐंशीतल्या एकतीस बाटल्यांची बुचं वर सरकली आहेत. उघडल्यावर सुस्कारा येतो, पेल्यात बारीक बुडबुडे, चव कोबीच्या पाण्यासारखी. पहिल्यांदा वाटलं साखर राहिली. मोजली, नाही. मग क्रोमॅटोग्राफीचा कागद लावला. मॅलिकचा ठिपका फिका, लॅक्टिकचा गडद. बाटलीत जिवाणू काम करत होते.

५१६ च्या टाकीचा कागद मी एप्रिलमध्ये लावलाच नव्हता. टाकी शांत होती म्हणून झालं असं धरलं. आज लावला. मॅलिक जसंच्या तसं, ठसठशीत पिवळं.

का, ते शोधायला जानेवारीची पाटी काढावी लागली. दुप्पट सल्फर. यीस्ट त्यातून उठलं, पण मॅलिक खाणारे जिवाणू बांधलेल्या सल्फरलाही भितात, त्यात पीएच ३.३८. ते तिथे जगूच शकले नाहीत. कॅबरनेटमध्ये मिसळल्यावर सल्फर विरळ झालं, पीएच वर गेला आणि कॅबरनेटमधले जिवाणू नव्या मॅलिकवर तुटून पडले. मी घातलेले वीस पीपीएम लगेच बांधले गेले असणार. आज मुक्त सल्फर ८ निघालं.

सगळ्या ८० बाटल्या फेकल्या. काच, बुचं आणि वाइन धरून साधारण १३,००० रुपये. सात महिन्यांपूर्वी चहाला निघालेलं एक वाक्य इथे येऊन फुटलं. दादाला मी काही बोलले नाही. कागद न लावण्याची चूक माझी होती.

२७ ऑगस्ट

आता उलटा क्रम. ९०० लिटर आधी टाकीत मिसळलं: कॅबरनेट ४०५, शिराझ २४३, ५१६ १९८, मेडिका ५४. सल्फर घातलं नाही. टाकी काठोकाठ भरली, हवा राहू दिली नाही, २२ अंशांवर ठेवली आणि जिवाणूंचं विकतचं विरजण घातलं. जे बाटलीत होणार होतं ते इथेच होऊ दे.

१८ सप्टेंबर

५१६ चे वीसही गुंठे आज छाटले. कॅबरनेट दादाच्या तारखेला, ऑक्टोबरात. दोन्ही एकत्र पिकायची गरजच उरली नाही. एका वर्षाचं कॅबरनेट केवड्याला देऊन हे कळलं.

४ ऑक्टोबर

अडतीस दिवस. कागद स्वच्छ. दोन दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा स्वच्छ. सल्फर दिलं, मुक्त ३० वर आणलं. लागलीच मोजलं, आठवड्यानं परत मोजलं.

१० नोव्हेंबर

एक बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली होती, तळाला साखरेसारखे खडे. टार्टरेट, द्राक्षातल्याच आम्लाचे. कॅबरनेट आणि शिराझ दोन्ही वेगवेगळ्या थंड करून स्थिर केल्या होत्या, तरी मिश्रणात खडे आले. मिसळलं की आम्ल आणि पोटॅशियमचा तोल नव्यानं बसतो, आधीच्या थंडीचा उपयोग नाही. पुन्हा बारा दिवस शून्य अंशावर. चिलरचं जादा वीज बिल ६,८०० आलं. पुढच्या वेळी थंड फक्त मिश्रणच करायचं, तेवढे पैसे वाचतील.

९ डिसेंबर

गाळून भरली. १,१६० बाटल्या. तीस लिटर गाळात आणि फिल्टरमध्ये गेलं.

चुकांचा खर्च वेगळा मांडला आहे, कारण तोच कुणी सांगत नाही. केवड्याच्या फवारण्या ११,४००. केवड्यानं गेलेलं १.१ टन कॅबरनेट, विकलं असतं तर साधारण ५५,०००. निरुपयोगी जनरेटर ४,५००. ऐंशी बाटल्या १३,०००. दोनदा केलेली थंडी ६,८००. म्हणजे ९०,७०० रुपये. एकत्र टाकीतली वाइन यात धरलेली नाही, ती अजून उभी आहे. व्होलाटाइल आम्ल खाली येत नाही, मिश्रणात दोन टक्के घातली तरी कळते. ती ब्रँडीसाठी कुणी घेईल का ते विचारतो आहोत.

या महिन्यात चिलरचा झटका धरून क्षमता काढली आणि जनरेटरचा करार आधीच केला, १० जानेवारी ते १५ मार्च. वापरला नाही तरी ९,००० द्यावे लागतील.

आज जेवणाआधी अण्णांनी एक बाटली उघडली. पेला आईपुढे धरला. तिनं वास घेतला आणि विचारलं, "अजून थोडा मोगरा चालला असता ना?" अण्णांना तेच वाटत होतं. मला २२ च बरोबर वाटते. ५१६ चे मणी आता रंग धरायला लागलेत, ११५ वा दिवस ११ जानेवारीला येतो. शंभर मणी, दोन्ही बाजूंचे, ५ तारखेपासून रोज.